सत्तावीसचा फरक

दरवर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापक मला उभं करतात आणि म्हणतात, "बाई, मुलांना गणिताचं महत्त्व सांगा." मी गणित शिकवते, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. मग मी फळ्यासमोर उभी राहून बुद्धीला धार येते, शिस्त लागते, पुढच्या परीक्षांना उपयोग होतो, असा ठरलेला पाढा वाचते. मुलं जांभया देतात. त्यांचं काही चुकत नाही, बोलताना मलाही जांभई येते. खरं उत्तर मला माहीत आहे, पण ते सांगितलं तर आठवीची अर्धी पोरं दिवा लावून झोपतील आणि त्यांच्या आया तावातावानं शाळेत येतील. म्हणून ते इथे लिहिते.

ते उत्तर म्हणजे माझी मावशी.

मावशी एका शीतगृहाच्या दारावर नोंद करायला बसायची. लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत. आत एक अरुंद बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना मिळून नऊ खोल्या. एकीत मासळी, एकीत लोणी, दोन-तीनमध्ये मटार. प्रत्येक खोलीचं दार वीतभर जाड, आणि ते लागलं की आतला माणूस कितीही ओरडला तरी बाहेर ऐकू जायचं नाही, फार तर लोखंडावर ठोकल्याचा आवाज. बोळाच्या तोंडाशी मावशीची टेबल-खुर्ची. तिथे उन्हाळ्यातसुद्धा तिच्या डाव्या खांद्यावर शाल असायची, कारण डावीकडून थंडी यायची, आणि उजवीकडे फाटकाबाहेर लोक घामानं निथळत असायचे. मला लहानपणी वाटायचं की मावशीला दोन ऋतू एकदम चालू असतात.

ही नोकरी तिला दहावीच्या गणिताच्या गुणांवर मिळाली होती. जाहिरातीतच तसं छापलं होतं म्हणे: दारावरच्या नोंदीसाठी गणित चांगलं असलेला माणूस पाहिजे. दारात बसायला गणित कशाला लागतं, असं आजोबांनी मालकाला विचारलं होतं. मालकानं विषय बदलला.

काम दिसायला सोपं होतं. प्रत्येक हमालाकडे नंबराचा एक पितळी बिल्ला. आत जाताना त्यानं नंबर ओरडायचा, मावशीनं तो वहीच्या डाव्या रकान्यात लिहायचा. बाहेर येताना पुन्हा ओरडायचा, मावशीनं उजव्या रकान्यात लिहायचा. एकेक जण दिवसातून सहा-सात वेळा आत-बाहेर करायचा, त्यामुळे संध्याकाळपर्यंत दोन्ही रकान्यांत दोनशेच्या वर आकडे जमायचे. साडेपाचला दोन्हीकडच्या ओळी मोजायच्या. सारख्या आल्या की सगळे बाहेर आले, दिवे बंद, कुलूप. मालकाची अपेक्षा एवढीच.

मावशीला तेवढ्यावर कुलूप लावायचा धीर व्हायचा नाही. ती दोन्ही रकान्यांतल्या नंबरांच्या बेरजा करायची. जितके नंबर आत गेले तितकेच बाहेर आले असतील तर बेरजा जुळायलाच हव्यात. आणि बेरजेवर विश्वास नको म्हणून ती ताळाही करायची. शाळेतल्या बाईंनी शिकवलेला ताळा: आकड्यातले अंक मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत, आणि नऊ आले की टाकून द्यायचे. दोन्हीकडे उरलेला अंक एकच आला की ताळा जुळला. हमाल तिला ताळेबाई म्हणायचे. काही जण तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

आईची बदली झाली त्या वर्षी, माझी आठवी, मी मावशीकडे काढली. दोन खोल्यांचं घर, मावशी एकटी. गणितानं माझ्या नाकी नऊ आणले होते. मी रडकुंडीला येऊन तसं म्हटलं की मावशी म्हणायची, "नऊच ना? मग टाकून दे, ताळ्यात नऊ धरत नाहीत." मला तिचा संताप यायचा. जिला दिवसभर थंडगार बोळाच्या तोंडाशी बसून "चौदा आत, चौदा बाहेर" एवढंच लिहायचंय, तिनं मला समीकरणं शिकवावीत!

तिची आणखी एक युक्ती होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. कधीकधी ओळी सारख्या यायच्या पण बेरजा जुळायच्या नाहीत. अशा वेळी ती फरकाला नवानं भागायची. भाग गेला की निश्चिंत व्हायची. कारण आकड्यातले दोन अंक उलटे लिहिले गेले, एकेचाळीसचे चौदा झाले, तर फरक नेहमी नऊच्या पटीतच पडतो. बोलताना आपण एकक आधी म्हणतो, लिहिताना दशक आधी लिहितो. थकलेला हात दिवसातून एकदा तरी चकतोच. तेव्हा नवानं भाग गेला की समजायचं, माणूस राहिलेला नाही, लिहिण्यात उलटापालट झाली. बारा वर्षांत ही युक्ती एकदाही फसली नव्हती.

थंडीचे दिवस होते. एके संध्याकाळी मावशी घरी आली, हातपाय धुतले, जेवायला बसलो. तिनं मला सहज सांगितलं की आज बेरजेत सत्तावीसचा फरक आला.

"मग?"

"मग काय? नऊ त्रिक सत्तावीस. पंचवीसचे बावन्न लिहिले असणार मी कुठेतरी. दोन्ही नंबर आज दिवसभर आत-बाहेर करत होते. ओळी सारख्या, ताळाही जुळला. लावलं कुलूप."

आता हे माझं शहाणपण नव्हतं, हे आधीच सांगते. मला मावशीला खिजवायचं होतं. त्या दिवशी शाळेत आम्हाला व्यत्यास शिकवला होता. सर म्हणाले होते, घोडा असेल तर त्याला चार पाय असतात, पण चार पाय दिसले म्हणून तो घोडाच असं नाही, टेबलही असेल. वर्ग हसला होता. मी तेच तोंडात घास असताना मावशीला ऐकवलं.

"अंक उलटे झाले तर नवानं भाग जातो, कबूल. पण नवानं भाग गेला म्हणून अंकच उलटे झाले, असं कुठंय? पंचवीस नंबर खरंच आत असेल आणि बावन्न नंबर एकदा जास्त बाहेर आला असेल, तरी फरक सत्तावीसच येईल."

मावशीचा हात ताटातच राहिला.

"आणि ताळा?" मी हट्टानं म्हटलं. "दोन आणि पाच सात, पाच आणि दोन सात. तुझ्या ताळ्याला दोघांतला फरक कळतच नाही."

मला वाटलं आता रागावेल. ती रागावली नाही. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला, आणि मला माझ्याच बोलण्याची भीती वाटायला लागली. ती उठली, उष्ट्या हातानंच शाल घेतली, आणि म्हणाली, "चल."

"कुठे? अगं, उद्या बघ ना वहीत."

"उद्यापर्यंत कोण राहतंय, बाई?"

शीतगृह घरापासून वीस मिनिटांवर. आम्ही जवळजवळ पळतच गेलो. वाटेत तिचे ओठ हलत होते. ती नंबर म्हणत होती, सकाळपासूनचे, ओळीनं. फाटकाशी रखवालदाराच्या चौकीत रेडिओ इतका मोठ्यानं लावलेला होता की त्याला दार वाजवलेलं ऐकू गेलं नाही. मावशीनं आत जाऊन रेडिओ बंद केला.

रेडिओ बंद झाला आणि मला ऐकू आलं. ठक ठक ठक ठक. लांबून, इमारतीच्या पोटातून, एका लयीत.

"दादा, हे कधीपासून वाजतंय?" मावशीनं विचारलं.

रखवालदार म्हातारा, चांगला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "कुलूप लागल्यापासून. सात नंबर खोली. ते काय नवीन आहे का, बाई? तो वाजवतो अधूनमधून. तुम्ही संध्याकाळी जाता, तुम्हाला कुठे ऐकू येतंय?"

"बर्फ आकसतो त्याचा आवाज असतो तो," मावशी म्हणाली.

"तुम्ही म्हणा बर्फ."

"तो कोण?" मी विचारलं. मावशीनं माझा दंड धरला, पण म्हातारा बोललाच. तिच्या आधी इथे नोंदीला कुणीतरी दुसरा होता. तेव्हा एक हमाल सात नंबरमध्ये राहून गेला, त्याचा बिल्ला सतरा. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दाराला लागूनच बसलेला होता. त्या संध्याकाळीही ओळी सारख्याच आल्या होत्या. त्यानंतर मालकानं गणितवाल्या माणसाची जाहिरात दिली, आणि सतराचा बिल्ला पुन्हा कुणाला दिला नाही.

"पण बाई," रखवालदार हळूच म्हणाला, "आजचं निराळं आहे. एरवी एकटा वाजवतो. आज दोघं वाजवतायत. म्हणून तर रेडिओ लावला."

मावशीनं किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातातून ओढून घेतला.

बोळातला दिवा लावला तेव्हा आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. यंत्र चालू होतं, त्याची घरघर पायांतून वर चढत होती, आणि त्या घरघरीच्या वर तो आवाज. बरेचदा ठकठक, एका लयीत. मग मध्येच खंड. मग एकच ठोका, वेगळा, जड, दुसऱ्याच कोपऱ्यातून आल्यासारखा. मग पुन्हा ठकठक. मी मावशीच्या शालीचं टोक घट्ट धरलं. मला खरं सांगायचं तर पळून जायचं होतं. मी मनात म्हणत होते की आत कुणी नसू दे, बर्फच असू दे, माझा व्यत्यास खोटा ठरू दे.

सात नंबरचं दार उघडायला तिघांचा जोर लागला. आतली कडी बर्फानं गोठलेली होती. ती गोठते अशी तक्रार मावशीनं तीनदा लेखी दिली होती, हे मला मागाहून कळलं. दिवा लावला तर मागच्या मांडणीजवळ मटाराची पोती घसरून पडलेली, आणि त्यांच्याखाली पाय अडकलेला एक माणूस बसलेला. हातात लोखंडी आकडा, पोती ओढायचा, आणि तो आकडा तो मांडणीच्या पायावर आपटत होता. भुवया पांढऱ्या झालेल्या. छातीवर बिल्ला होता, पंचवीस. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता.

जवळ गेल्यावर कळलं, तो पाढे म्हणत होता.

"एकोणतीस सत्ते दोनशे तीन," असं म्हणून त्यानं आकडा आपटला, आणि आम्हाला पाहून रडायला लागला.

त्याला चौकीत आणलं, घोंगडीत गुंडाळलं, पाय चोळले. पाव तास त्याचे दात एकमेकांवर आपटत होते. मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती आणि त्याचे हात आपल्या हातांत घेऊन सारखी म्हणत होती, "माझी चूक. माझी चूक झाली रे."

"तसं नका म्हणू, ताळेबाई," तो म्हणाला. "तुमच्यामुळेच वाचलो. झोप यायला लागली तर मेलोच, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पाढे धरले. सातवीपर्यंत शाळेत गेलोय, मास्तरांनी मारून मारून पाठ करून घेतले होते. दोनापासून सुरू केले, प्रत्येक ओळीला आकडा आपटायचा. पण डोकं बधिर व्हायचं, ओळ चुकायची. आणि चुकली की तुम्ही बाहेरून ठोकायचा. एकच ठोका. मग मी ती ओळ सुधारायचो, की तुम्ही गप्प. ते एकोणतीस अठ्ठे तर पाच वेळा चुकलो. दोनशे बावीस म्हटलं की ठोका. दोनशे चाळीस म्हटलं की ठोका. मी म्हटलं, बाई बाहेर बसल्यात, ताळा करतायत, म्हणजे सोडवायला माणसं येतायत. त्या आशेवर जागा राहिलो."

रखवालदार माझ्याकडे बघत होता, मी मावशीकडे. त्या वेळी मावशी घरी माझ्यासमोर जेवत होती.

"आवाज दाराकडून यायचा का?" शेवटी मावशीनं विचारलं.

त्यानं जरा आठवून पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "दाराकडून नाही. जवळूनच यायचा." आणि त्यानं घोंगडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं वही घेऊन एकेका नंबरावर खूण केली. दुपारी तीनच्या सुमाराला गाड्याचं चाक उंबऱ्यात अडकलं होतं. ती स्वतः उठून बावन्न नंबराच्या बरोबरीनं गाडा ढकलायला गेली होती, आणि तो आत गेला हे लिहायचं राहिलं होतं. परतताना मात्र तो लिहिला गेला. त्यामुळे बाहेर एक ओळ जास्त. तिकडे पंचवीस आत राहिला, म्हणून बाहेर एक ओळ कमी. ओळी सारख्या. ताळा सारखा. बारा वर्षं ज्याच्या जिवावर ती निवांत झोपली, त्यानं तिला तोंडघशी पाडलं होतं. तिनं ते कुणापासून लपवलं नाही. मालकापुढे उभी राहून सांगितलं, हमालांपुढेही सांगितलं. हमालांनी तिला नोकरी सोडून जाऊ दिलं नाही.

त्या दिवसापासून ती एकेक नंबर जुळवूनच उठायची, घरी यायला सात वाजायचे. आणि आणखी एक गोष्ट तिनं सुरू केली. रोज सकाळी वही उघडली की डाव्या रकान्यात पहिली ओळ लिहायची: सतरा. उजव्या रकान्यात तो कधीच यायचा नाही. त्यामुळे संध्याकाळी आतल्या बाजूला एक ओळ जास्त आणि बेरजेत बरोबर सतराचा फरक. तो फरक आला की मगच कुलूप. मालक चिडला. वही तपासणारे काय म्हणतील, असं म्हणाला.

"तो आत गेला आणि बाहेर आलेला नाही," मावशी म्हणाली. "मी खोटं कसं लिहू?"

असं तिनं पुढे अठरा वर्षं लिहिलं. मधल्या काळात मी त्याच व्यत्यासाच्या जोरावर गणिताकडे वळले, शिकले, शिकवायला लागले. मावशीला त्याचा भारी अभिमान. ओळखीपाळखीच्यांना सांगायची, "आमची पोर लहानपणीच माझी चूक काढायची."

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मी तिला आणायला गेले. हमाल अंगणात जमले होते, त्यांनी हार आणला होता. पंचवीस नंबर काठी टेकत आला होता, केव्हाच काम सोडलेला. नवीन नोंदवाली मुलगी शेजारी बसून बघत होती. मावशीनं चष्मा पुसला, ओळी मोजल्या, बेरजा केल्या. पुन्हा केल्या. मग वही माझ्याकडे सरकवली.

"तू कर."

मी केल्या. दोन्ही बेरजा सारख्या होत्या. ओळीही सारख्या होत्या. फरक शून्य.

मावशीनं कुलूप लावू दिलं नाही. नऊच्या नऊ खोल्या उघडल्या, प्रत्येक मांडणीमागे माणूस पाठवला. अंगणात सगळ्यांना बिल्ले हातात धरून उभं केलं. एकही कमी नव्हता. मग ती खाली बसली आणि एकेका नंबरावर खूण करत गेली. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. उजव्या रकान्यात, शेवटून चौथ्या ओळीत, सतरा होता. अक्षर तिचंच. ती साताचं शेपूट जरा लांब ओढायची, तसंच ओढलेलं.

"कधी लिहिलंस?" मी विचारलं.

"कुणीतरी नंबर ओरडला असेल तेव्हा," ती म्हणाली. "मी मान वर करून कुठे बघते?"

नवीन मुलीनं विचारलं, "बाई, उद्यापासून ती पहिली ओळ लिहायची का?"

"नको," मावशी म्हणाली. "जुळलंय आता." आणि तिनं कुलूप लावलं.

आम्ही चालत घरी आलो. मावशीनं हार हातात धरला होता, गळ्यात घातला नाही. घराचं दार उघडून तिनं मला आत जाऊ दिलं आणि स्वतः उंबऱ्याच्या बाजूला उभी राहिली, मागून कुणी सावकाश चालत येत असावं इतका वेळ. मग आत आली, दार लावलं, कडी घातली.

"किती जण आहोत आपण?" मी विचारलं. मला थट्टा करायची होती, पण आवाज थट्टेचा निघाला नाही.

"मोज ना," मावशी म्हणाली. "गणिताची बाई तू."

मी दाराकडे पाठ करून उभी होते. मला मोजायचं धाडस झालं नाही.